कोपऱ्यातल्या वांग्याचं बी

चंपाषष्ठीला दोन दिवस उरले होते तेव्हा रामबागेतल्या काकूंचा फोन आला. "तू शेतकी शिकलास ना रे? मग जरा येऊन जा. यंदा वांग्यांनी मला फसवलंय."

आमच्याकडे चातुर्मासात वांगं वर्ज्य. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच ते पुन्हा घरात येतं. होळकरांचं कुलदैवत खंडोबा, राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं मंदिर, त्यामुळे इंदूरच्या मराठी घरांत हा दिवस अजून पाळतात. ज्यांचं खंडोबाशी फारसं काही नाही, तेही भरितासाठी पाळतात. हातगाडीवाल्याकडे आम्ही 'भटे' मागतो आणि घरात आणल्यावर त्यांची वांगी होतात.

काकूंची तक्रार अशी. मागच्या वर्षी त्यांनी नर्सरीतून वांग्याची दहा रोपं आणून मागच्या अंगणात लावली. नऊ बरी निघाली. मोरीजवळच्या कोपऱ्यातलं दहावं मात्र असं लागलं की शेजारीपाजारी वाटूनही संपेना. काकूंनी त्याचं एक टपोरं वांगं झाडावरच पिकू दिलं, पिवळं पडल्यावर बी काढलं, राखेत घोळून डबीत ठेवलं. यंदा त्या बियांची बारा झाडं आली आणि बाराही वेगळी. दोघांना लांबट वांगी, एकाला हिरवी, तीन-चार मागच्यासारखी पण निम्म्या आकाराची, एकाला तर नुसती पानंच.

"बी त्याच झाडाचं ना? मग आईचा गुण गेला कुठे?"

पिकांचे नवे वाण घडवणाऱ्यांना पैदासकार म्हणतात. काकूंच्या या प्रश्नात त्यांचा जवळजवळ अख्खा अभ्यासक्रम आला. त्याच्या उत्तराशी इंदूरचंही नातं आहे, त्याकडे पुढे येतोच. आधी एक गोष्ट बाजूला करू. 'भरपूर लागणं' हा गुण मुळात असतो का?

उत्पादन हा गुणाकार आहे

वांग्याचा जांभळा रंग हा एक गुण. देठावरचे काटे हाही एक गुण. पण झाडाने किती किलो माल दिला, हा हिशेब आहे: फळांची संख्या गुणिले एका फळाचं सरासरी वजन. समजा, झुपक्याने लागणाऱ्या लहान वांग्याच्या झाडाने ५० ग्रॅमची ४० फळं दिली, तर झाले २ किलो. भरताच्या वांग्याच्या झाडाने २५० ग्रॅमची ८ फळं दिली, तरी झाले २ किलोच. तराजूत दोन्ही सारखी दिसतात, पण आत चाललेलं काम अगदी वेगळं आहे.

मग २५० ग्रॅमची ४० फळं देणारं, म्हणजे १० किलोचं झाड का करत नाहीत? कारण पानांनी तयार केलेलं अन्न ठरावीक असतं. पगार तोच राहिला आणि पंगत वाढली की लाडू लहान वळावे लागतात. वांग्यावरच्या बहुतेक अभ्यासांत फळांची संख्या आणि फळाचं वजन एकमेकांच्या विरुद्ध जाताना दिसतात. एक ओढलं की दुसरं घसरतं. पैदासकाराची अर्धी डोकेदुखी इथेच आहे. नुसत्या तराजूकडे बघून निवड करणाऱ्याला आपण काय निवडलं, संख्या की वजन, हे कळत नाही, आणि पुढच्या पिढीत एकाने दुसऱ्याला खाल्लेलं असतं.

फळांची संख्या म्हणजे तरी काय? फांद्या किती, फांदीवर फुलांचे झुपके किती, आणि त्यातली धरणारी फुलं किती. वांग्याची खरी गंमत या शेवटच्या भागात आहे.

झाडाखाली जांभळ्या फुलांचा सडा पडलेला पाहिला की घाबरून औषध फवारणारे पुष्कळ. पण त्यातली बरीचशी फुलं धरणारी नसतातच. वांग्याचं फूल उलटं करून पाहा. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा शंकू असतो आणि त्यातून स्त्रीकेसराची हिरवट दांडी डोकावते. ही दांडी सगळ्या फुलांत सारखी नसते. लांब, मध्यम, खोटी आखूड आणि खरी आखूड असे तिचे चार प्रकार मानतात. लांब दांडीच्या फुलात तिचं टोक पुंकेसरांच्या वर आलेलं असतं. पराग पुंकेसरांच्या शेंड्याच्या बारीक छिद्रांतून बाहेर सांडतात, त्यामुळे ते टोकावर सहज पडतात आणि फळ धरतं. मध्यम दांडीचं फूलही बऱ्यापैकी धरतं. आखूड दांडीचं टोक मात्र शंकूच्या आतच अडकतं, खालचा बीजकोशही पुरता वाढलेला नसतो. असं फूल फुलतं, दिसायला सुंदर असतं आणि गळून जातं.

एका झाडावर लांब दांडीची फुलं किती यावीत, हे काही प्रमाणात वाण ठरवतो, म्हणजे ते जनुकांत असतं. काही प्रमाणात परिस्थिती ठरवते. उन्हाचा तडाखा बसला, खत कमी पडलं किंवा झाडावर आधीच फळांचा भार असला की आखूड दांडीची फुलं वाढतात. सगळी फळं वाढवायची ऐपत नाही, हे झाडाने आधीच ओळखलेलं असतं म्हणा ना.

छिद्रांतून पराग बाहेर यायला फूल हलावं लागतं. वाऱ्याने हललं तर स्वतःचेच पराग स्वतःवर पडतात. काळा भुंगा फुलाला लटकून भुणभुणतो तेव्हा त्या थरथरीने मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे पराग सांडतात, आणि तो ते दुसऱ्या झाडावरही नेतो. म्हणून वांगं हे मुख्यतः स्वतःच्याच परागांवर चालणारं, पण अधूनमधून शेजाऱ्याशी संबंध ठेवणारं पीक आहे. बी धरणाऱ्यांनी हा भुंगा लक्षात ठेवावा.

या सगळ्यातून जे फळ लागतं, त्यातलं किती बाजारात पोचतं हे शेंडे आणि फळं पोखरणारी अळी ठरवते. बीटी वांग्याचा, म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या वांग्याचा, वाद याच अळीवरून झाला. २००९ मध्ये केंद्राच्या समितीने त्याला हिरवा कंदील दाखवला, फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली, आणि २०१३ मध्ये बांगलादेशाने त्याला परवानगी दिली. त्या वादात कोणी कुठेही उभं राहावं. पण ते जनुक झाडाला एकही जास्तीचं फळ लावत नाही, लागलेलं फळ वाचवतं. उत्पादन वाढवणं आणि नुकसान टाळणं या दोन गोष्टींची जाहिरातींत सर्रास गल्लत होते.

एक मोठं जनुक आणि पुष्कळ लहान

वांग्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात, टोमॅटोइतक्याच. २०१४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी वांग्याच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला. पुढच्या, अधिक नेटक्या आराखड्यात जनुकांची संख्या ३५ हजारांच्या आसपास निघाली.

काही गुणांमागे एखादंच दांडगं जनुक असतं. काट्यांचं उदाहरण घ्या. वांग्याचा रानटी पूर्वज आपल्याकडे रस्त्याकडेला, बांधावर अजून उगवतो. अंगभर काटे आणि लिंबापेक्षा लहान फळं. माणसाने हजारो वर्षं त्यातून कमी काट्यांची, मोठ्या फळांची झाडं वेचत आजचं वांगं घडवलं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की काटे जाण्यामागे 'लॉग' नावाच्या घराण्यातलं एक जनुक बिघडणं हे कारण आहे. हे जनुक वाढीच्या एका संप्रेरकाच्या निर्मितीत काम करतं. गंमत म्हणजे गुलाबासकट इतरही काही वनस्पतींत काट्यांचा धागा याच घराण्यापर्यंत पोचतो. अर्थात काटेरी वांग्यालाच चव असते असं मानणाऱ्या आमच्या आईला हे संशोधन म्हणजे अधोगतीचा इतिहास वाटेल.

फळाचं वजन ही मधली पायरी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २००० साली टोमॅटोच्या फळाचं वजन ठरवणारं एक जनुक पकडलं गेलं. दोन वर्षांनी तिथल्याच गटाने वांग्याच्या जनुकांचा नकाशा टोमॅटोच्या नकाशाशेजारी ठेवला, तेव्हा फळाचं वजन, आकार, रंग यांच्या काही जागा दोन्हीकडे जुळल्या. दोन वेगळ्या खंडांत, दोन वेगळ्या पिकांत, माणसाने नकळत त्याच जागांवर बोट ठेवलं होतं.

फांद्या, झुपके, फळांची संख्या आणि एकूण उत्पादन यांच्यामागे मात्र एखादा नायक नाही, लहानसहान कामगारांची फौज आहे. त्यांचा हिशेब समजायला एक काल्पनिक वांगं घेऊ. फळाच्या वजनावर दहाच जनुकं काम करतात असं माना. प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. म्हणजे वीस जागा. चांगली प्रत असेल तर ४ ग्रॅम वाढ, नसेल तर काही नाही. मूळ वजन ४० ग्रॅम. मग सर्वांत हलकं फळ ४० ग्रॅमचं, सर्वांत जड १२० ग्रॅमचं आणि बहुसंख्य फळं ८० च्या आसपास. वीस नाणी फेकली तर साधारण दहाच छापे पडतात, तसं. शेतात फळं ढोबळपणे 'लहान' आणि 'मोठी' अशा दोन ढिगांत न पडता चढत्या भाजणीत का दिसतात, याचं उत्तर हे आहे. मेंडेलच्या वाटाण्यांचे ठळक ढीग आणि शेतातली ही सलग भाजणी यांचा मेळ लावायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षं लागली. १९१८ मध्ये रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने त्याचं गणित पक्कं मांडलं.

आता त्या दहाही जागी एक चांगली आणि एक साधी प्रत असलेल्या झाडाचं बी पेरलं, तर वीसच्या वीस चांगल्या प्रती एकाच झाडात जमायची शक्यता किती? सुमारे साडेदहा लाखांत एक. तेही फक्त दहा जनुकं धरून. काकूंकडे बारा झाडं होती. साडेदहा लाख झाडं तर मोठमोठ्या संशोधन केंद्रांवरही कोणी लावत नाही. म्हणून पैदासकार एका उडीत सगळं मागत नाही. दर पिढीत थोडं थोडं गोळा करतो आणि त्यासाठी सात-आठ पिढ्या खर्ची घालतो.

दिसतं किती, उतरतं किती

आता काकूंचा कोपरा. मोरीचं पाणी सतत मिळणारा, खरकटं धुतलेलं पडणारा, दुपारी भिंतीची सावली असणारा. तिथलं झाड जनुकांनी भारी होतं की जागेनं? पाहून सांगता येत नाही. झाड पोसलेलं दिसतं, पण त्यातला वारसा किती आणि मोरी किती, हे त्याच्या पानांवर लिहिलेलं नसतं.

डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घेवड्यावर हेच तपासलं. एकाच शुद्ध वंशातल्या, म्हणजे जनुकांनी सारख्याच असलेल्या, बियांतून त्याने सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान दाणे वेगळे पेरले. पुढच्या पिढीत दोघांची सरासरी तीच निघाली. मोठा दाणा शेंगेतल्या बऱ्या जागेमुळे मोठा होता, आणि ती जागा वारशाने मिळत नाही. आपण ज्याला 'जनुक' म्हणतो, तो मूळ 'जीन' हा शब्द १९०९ मध्ये त्यानेच रूढ केला.

मग वारशाचा वाटा मोजायचा कसा? इथे इंदूर येतं.

१९२४ मध्ये होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर इंदुरात 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' उभी राहिली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. तिचे पहिले संचालक अल्बर्ट हॉवर्ड. कंपोस्ट खताची जगभर गाजलेली 'इंदूर पद्धत' त्यांनी आणि यशवंत वाड यांनी इथेच बसवली. हे इंदुरात बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच संस्थेत १९३०च्या दशकात जोसेफ हचिन्सन यांच्याबरोबर विनायक गोविंद पानसे नावाचा मराठी माणूस कापसाच्या झाडांचे आकडे मांडत बसला होता, हे मात्र फारसं कोणाला माहीत नसतं. पुढे पानसे दिल्लीत भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सांख्यिकी कामाचे प्रमुख झाले. त्यांनी पां. वा. सुखात्मे यांच्याबरोबर १९५४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकावर शेतकी शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या पास (आणि नापास) झाल्या. मीही त्यातलाच. १९५७ मध्ये पानशांनी मोजून दाखवायच्या गुणांच्या वारशावर एक लेख लिहिला. आज भारतात वांग्याच्या उत्पादनावर निघणाऱ्या लेखांत त्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा सापडतो. काम कापसाच्या पैदाशीत मुरलेल्या माणसाचं, उपयोग वांग्याला.

पद्धतीचा गाभा घरगुती आहे. समजा वांग्याचे वीस वाण आहेत. प्रत्येक वाण एकाच जागी न लावता शेताचे तीन पट्टे करायचे आणि प्रत्येक पट्ट्यात वीसही वाण चिठ्ठ्या टाकून लावायचे. म्हणजे मोरीजवळचा कोपरा एकाच लाडक्याला मिळत नाही. एकाच वाणाची झाडं तीन ठिकाणी वेगळी वागली, तर तो फरक जागेचा, कारण वाण तोच आहे. त्या फरकाच्या पलीकडे जाऊन वाणावाणांत जो फरक उरतो, तो वारशाचा. एकूण फरकातला वारशाचा हिस्सा म्हणजे शास्त्रातली 'हेरिटेबिलिटी'. मी त्याला वारशाचा वाटा म्हणतो.

या शब्दाभोवती एक गैरसमज कायम फिरतो. वारशाचा वाटा ७० टक्के म्हणजे शंभर ग्रॅमच्या वांग्यातले ७० ग्रॅम जनुकांचे, असं नाही. एका वांग्याबद्दल तो काहीच सांगत नाही. त्या शेतात, त्या वर्षी, त्या वाणांच्या आपापसातल्या फरकांपैकी ७० टक्के जनुकांमुळे, एवढंच तो सांगतो. शेत बदललं की आकडा बदलतो.

आता या आकड्याचा उपयोग. दोन काल्पनिक गुण घेऊ. पहिला फळाचं वजन: सरासरी ८० ग्रॅम, झाडाझाडांतला सर्वसाधारण चढउतार २० ग्रॅमचा, वारशाचा वाटा ७० टक्के. शंभरातली सर्वोत्तम पाच झाडं निवडली तर संख्याशास्त्र २.०६ हा गुणक देतं. २.०६ गुणिले ०.७ गुणिले २०, म्हणजे पुढच्या पिढीत सुमारे २९ ग्रॅमची वाढ. छत्तीस टक्के. दुसरा गुण झाडाचं एकूण उत्पादन: सरासरी २ किलो, चढउतार अर्धा किलो, वारशाचा वाटा २५ टक्के. तोच हिशेब, पण वाढ जेमतेम पाव किलोची, तेरा टक्के. मेहनत तेवढीच.

म्हणून शहाणा पैदासकार उत्पादनाचा सरळ पाठलाग करत नाही. उत्पादनाचे जे तुकडे वारशाने नीट उतरतात, त्यांना धरतो. वांग्यात फळाचं वजन, लांबी, घेर यांचा वाटा सहसा चांगला निघतो. एकूण उत्पादनात मात्र पाणी, अळी, थंडी, तोडणीच्या खेपा अशी सगळ्यांची बोटं असतात.

पानशांच्या लेखाचा हवाला ज्या मुद्द्यासाठी देतात, तो याच्याही पुढचा आहे. वारशाचा वाटा मोठा दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, निवडीतून मिळणारी वाढही मोठी आहे का ते पाहा. दोन्ही मोठी असतील तर जनुकं वीस नाण्यांसारखी एकमेकांत बेरीज करणारी आहेत, म्हणजे निवड करत राहिलात तर फळ मिळेल. वाटा मोठा पण वाढ लहान असेल, तर जनुकांची करामत बेरजेत नाही, जोडीत आहे. आणि जोडी बियांबरोबर तशीच्या तशी पुढे जात नाही.

जोडीचा खेळ

हे समजवायला इंदुरात क्रिकेटइतकं सोपं काही नाही. आमचा मुश्ताक अली आणि मुंबईचा विजय मर्चंट १९३६ मध्ये मँचेस्टरला सलामीला उतरले आणि दोघांनी २०३ धावांची भागी केली. दोघं आपापल्या जागी मोठेच होते. कोणाहीबरोबर खेळायला पाठवा, धावा काढणारच. पण एक धडाकेबाज आणि एक शिस्तीचा, या विशिष्ट जोडीने त्या दिवशी जे केलं ते दोघांच्या सरासरींच्या बेरजेत बसत नाही.

वांग्याच्या वाणांचंही असंच. एखादा वाण कोणाशीही संकर करा, संतती चांगलीच निघते. ही त्याची सर्वसाधारण संयोगक्षमता, म्हणजे फलंदाजाची सरासरी. एखादा वाण मात्र ठरावीक जोडीदाराबरोबरच चमकतो. ती विशिष्ट संयोगक्षमता, म्हणजे भागी. हे दोन भाग वेगळे मोजायची कल्पना १९४२ मध्ये मक्यावरच्या कामातून आली. सहा वाण असतील तर प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालून पंधरा संकर करतात आणि कोण कोणामुळे धावा काढतोय ते आकड्यांतून सोडवतात. सरासरीवाल्या वाणांतून सरळ वाण काढायचे, भागीवाल्या जोड्यांतून संकरित.

वांग्यात संकराचा जोम दिसतो, म्हणजे संकरित मूल आईबापांपेक्षा सरस निघतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकातच नोंदवलं आणि संकरित वांग्याचं बी बाजारात आणण्यात जपान अगदी पुढे होता. वांगं यासाठी सोयीचंही आहे. फूल मोठं, कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने पुंकेसर काढून टाकता येतात, दुसऱ्या दिवशी हव्या त्या वाणाचे पराग लावले की एकाच फळात शेकड्यांनी संकरित बिया मिळतात. हाताची मेहनत परवडते. आपल्याकडे बंगळुरूच्या संस्थेचं अर्का नवनीत, दिल्लीचं पुसा अनमोल, राहुरीचं कृष्णा ही अशीच संकरित वांगी. पुसा पर्पल लाँग किंवा मांजरी गोटा हे सरळ वाण, त्यांचं बी धरता येतं.

संकरिताच्या पाकिटावर 'चाळीस टक्के जास्त' असं काही वाचलं की एक प्रश्न जरूर विचारावा: कोणापेक्षा? समजा आई २ किलो देते, बाप १ किलो, संकरित मूल २.१ किलो. आईबापांच्या सरासरीपेक्षा, म्हणजे दीड किलोपेक्षा, ते ४० टक्के जास्त. चांगल्या पालकापेक्षा फक्त ५ टक्के. आणि तुमच्या भागात चालणारा वाण २.४ किलो देत असेल, तर त्याच्यापेक्षा साडेबारा टक्के कमी. तिन्ही आकडे खरे. शेतकऱ्याच्या कामाचा एकच, आणि ठळक अक्षरांत सहसा तोच नसतो.

आता काकूंच्या बारा झाडांचा उलगडा होतो. नर्सरीतलं रोप बहुधा संकरित होतं. आईबाप जिथे जिथे वेगळे होते, त्या प्रत्येक जागी संकरितात दोन वेगळ्या प्रती असतात, आणि जोम या वेगळेपणावरच उभा असतो. त्याने स्वतःच्या परागांवर बी धरलं की पुढच्या पिढीत ते वेगळेपण निम्मं होतं, त्यापुढे पाव, मग अष्टमांश. जोमही त्याच पायऱ्यांनी उतरतो. शिवाय आईत दडलेले आजी-आजोबांचे गुण बाहेर पडतात. जांभळ्या रंगाखाली हिरव्याची प्रत झाकलेली होती, ती एका झाडात दोन्हीकडून आली आणि हिरवं वांगं लागलं. गुण हरवला नाही. मागच्या वर्षी जे दिसलं तो एकट्या आईचा गुण नव्हता, एका जोडीची आणि एका मोरीची ती कमाई होती.

वरून भूगोल. माळव्याच्या काळ्या मातीत, डिसेंबरच्या थंडीत जो वाण पहिला येतो, तो घाटाखाली निमाडच्या उन्हात पहिला येईलच असं नाही. दांड्यांची मापंसुद्धा उन्हाने बदलतात हे आपण पाहिलं. त्यामुळे नवा वाण अनेक ठिकाणी, अनेक वर्षं लावून पाहतात. आताशा रोप कोवळं असतानाच पानाचा तुकडा घेऊन जनुकसंचभर पसरलेल्या हजारो खुणा वाचायच्या आणि फळ लागायच्या आधीच त्याच्या संततीचा अंदाज बांधायचा, अशीही पद्धत आली आहे. तिचाही पाया शेतात नीट तोललेल्या वांग्यांच्या आकड्यांवरच असतो. तराजू चुकला तर संगणक जास्त वेगाने चुकतो.

काकूंनी हे सगळं कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे मधे ऐकून घेतलं. मग विचारलं, "बरं, मी करू काय ते सांग."

सांगितलं. वांगी तोलायची असतील तर कोपऱ्यातल्या झाडाची शेजारच्या झाडांशी तुलना करू नका, सारखं ऊन-पाणी मिळालेलीच झाडं एकमेकांशी ताडून पाहा. उत्पादन धरू नका, फळाचा आकार धरा, तो जास्त उतरतो. आवडलेल्या झाडाचा एक झुपका उमलायच्या आधी मलमलीच्या कापडात बांधा, म्हणजे भुंगा शेजारच्यांचे पराग आणणार नाही. कापडावर रोज सकाळी एक टिचकी मारा. तीन-चार झाडांचं बी घ्या, पण एकत्र करू नका, प्रत्येकाची डबी वेगळी. पुढच्या वर्षी प्रत्येक डबीची वेगळी ओळ लावा आणि झाडाकडे नाही, ओळीकडे पाहा. ज्या ओळीतली झाडं एकमेकांसारखी आणि बरी, ती ठेवा. असं पाच-सहा वर्षं.

"पाच-सहा वर्षं!" काकू म्हणाल्या. "तेव्हा मी त्र्याऐंशीची असेन."

चंपाषष्ठीला त्यांनी फळं लागलेल्या अकराही झाडांची वांगी वेगवेगळी भाजली. जांभळी बरी होती. भरीत झालं ते त्या एकट्या हिरव्याचं. आता त्याच्या वरच्या फांदीला जुन्या साडीची चिंधी बांधलेली आहे आणि ओट्यावर एक रिकामी डबी आहे. तिच्यावर काकूंच्या अक्षरात लिहिलंय: हिरवं. भरताचं. मोरीपासून लांब.